तार, बिनतार आणि टिकाऊपणा

माझ्या लिहिण्याच्या मेजावर या क्षणीं दोन वस्तू शेजारीं शेजारीं ठेविलेल्या आहेत. एक माझ्या आजोबांचा हेडफोन: एबोनाइटच्या दोन काळ्या टोप्या, त्यांना जोडणारी पोलादी पट्टी, आणि सुताच्या वेणीनें मढविलेली लांब तार. दुसरी म्हणजे साबणाच्या वडीहूनही लहान अशी एक पांढरी डबी. तिच्यांत दोन बिनतारी इअरबड निजलेले आहेत. निजलेले म्हणतों खरा, पण ते आतां उठणार नाहींत. पहिली वस्तु सुमारें १९२८ सालची, दुसरी मीं २०२१ सालीं विकत घेतलेली. पहिलीच्या दोन टोकांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लाविला कीं दोन्ही टोप्यांतून स्वच्छ 'टक्' असा आवाज येतो. दुसरी सव्वादोन वर्षांत मुकी झाली.

'जुनें तें सोनें' एवढें म्हणून हा विषय हातावेगळा करणें सोपें आहे. पण इतिहासाचा अध्यापक म्हणून मला त्या म्हणीचा थोडा संशय येतो. जुन्या काळच्या ज्या वस्तू टिकल्या तेवढ्याच आपल्याला दिसतात. ज्या मोडल्या त्या भंगारांत गेल्या आणि साक्ष द्यावयाला उरल्या नाहींत. म्हणून एका हेडफोनवरून निकाल देण्यापेक्षां, कानाला लावावयाच्या या यंत्राची कुळकथाच एकदां पाहावी, आणि त्याचें आयुष्य कशामुळें वाढलें व कशामुळें घटलें हें शोधावें, असा विचार केला. त्या शोधाचा हा वृत्तांत आहे.

प्रथम शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. 'बिनतारी' हा शब्द मराठींत मुळींच नवा नाहीं. आमच्या आजोबांच्या पिढींत रेडिओलाच बिनतारी यंत्र म्हणत. मुंबईच्या केंद्रापासून घरापर्यंतचे कित्येक मैल तारेवांचून ओलांडले जात, आणि यंत्रापासून कानापर्यंतच्या शेवटच्या दोन हातांना तेवढी तार लागे. आज आपण ज्याला बिनतारी हेडफोन म्हणतों त्यांत हे शेवटचे दोन हातही तारेवांचून ओलांडलेले असतात. प्रगति झाली ती इतकीच, असें मी थट्टेनें विद्यार्थ्यांना सांगतों. पण या दोन हातांची किंमत काय पडली हा प्रश्न थट्टेचा नाहीं.

या यंत्राचा जन्म टेलिफोनच्या पोटीं झाला. १८७६ सालीं ग्रॅहॅम बेल यानें टेलिफोनचें पेटंट मिळविलें. त्याचा कानाला लावावयाचा भाग हाच हेडफोनचा मूळ पुरुष. १८८१ सालीं पॅरिस येथील विद्युत्-प्रदर्शनांत क्लेमां आदेर यानें नाट्यगृहांतील गायन तारेनें प्रदर्शनांत आणून दाखविलें. श्रोते दोन्ही कानांना दोन नळ्या लावून उभे राहत, आणि रंगभूमीवरचा नट डावीकडून उजवीकडे गेला तर तेंही त्यांना कानांनीं कळे. पुढें या कल्पनेचा तेथें धंदाच झाला, आणि घरबसल्या नाटक ऐकण्याची ही सोय पॅरिसमध्यें १९३२ सालापर्यंत चालू होती.

दोन्ही कान एका पट्टींत बांधून हात मोकळे ठेवणारा, चांगल्या आवाजाचा हेडफोन मात्र अमेरिकेंतील यूटा प्रांताच्या नॅथॅनिअल बॉल्डविन याच्या हातून तयार झाला. त्यानें १९१० सालीं आपलें यंत्र अमेरिकन नौदलाकडे परीक्षेसाठीं धाडलें. तें नौदलाच्या तज्ज्ञांना इतकें पसंत पडलें कीं त्यांनीं लगेच मागणी केली; पण बॉल्डविनचा कारखाना म्हणजे त्याच्या घरचें स्वयंपाकघर, आणि एका खेपेला थोडेसे नगच तो पुरवूं शके. समुद्रावर, खाऱ्या हवेंत, रात्रंदिवस वापरावयाचें यंत्र म्हणून तें बांधलेलें होतें. माझ्या आजोबांच्या हेडफोनचा घाट या वंशांतलाच आहे.

आतां त्या यंत्राच्या मायदेशाकडून आपल्या देशाकडे येऊं. जगदीशचंद्र बोस यांनीं गॅलेना नांवाच्या शिशाच्या खनिजाचा उपयोग करून विद्युल्लहरी ओळखणारें साधन सिद्ध केलें आणि १९०४ सालीं त्यांना त्याचें अमेरिकन पेटंट मिळालें. याच जातीचा स्फटिक पुढें लक्षावधि घरगुती रेडिओंचा प्राण झाला. मुंबईंत २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचें उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड अर्विन यांच्या हस्तें झालें. प्रक्षेपकाची शक्ति अवघी दीड किलोवॅट होती, म्हणजे आजच्या घरांतील पाणी तापविण्याच्या बंबाइतकीदेखील नव्हे. ती कंपनी १९३० सालीं बुडाली आणि केंद्र सरकारनें चालवावयास घेतलें, हा इतिहास प्रसिद्धच आहे. पण ज्यांना दिव्यांचा महागडा रेडिओ परवडत नसे, त्यांनीं स्फटिकाच्या संचावर हें केंद्र ऐकलें, ही गोष्ट तितकीशी ध्यानांत घेतली जात नाहीं.

आजोबा गिरगांवांत एका चाळींत राहत असत आणि फोर्टमधील एका कचेरींत कारकून होते. त्यांचा संच म्हणजे एक लांकडी पाटी, तिच्यावर तांब्याच्या तारेचें एक वेटोळें, गॅलेनाचा हरभऱ्याएवढा खडा, आणि त्या खड्यावर टेकविलेली एक बारीक तार. इंग्रज लोक हिला मांजराची मिशी म्हणत. ही मिशी खड्यावर इकडे तिकडे टोचून जेथें आवाज लागेल तेथें स्थिर करावयाची. या संचाला बॅटरी नसे, विजेची जोडणी नसे. गॅलरींतून ताणलेल्या तारेवर आकाशांतून जी शक्ति येऊन पडे तेवढ्यावरच हेडफोनचा पडदा थरथरे. म्हणून त्या टोप्यांत केसासारख्या तारेचे हजारों वेढे असत, आणि लोहचुंबकापुढचा पत्र्याचा पडदा इतका नाजूक जुळविलेला असे कीं अत्यल्प प्रवाहानेंही तो बोलूं लागे.

घरांत हेडफोन एक आणि माणसें सात. त्यावर त्या काळीं दोन उपाय असत. एक म्हणजे हेडफोन पितळेच्या परातींत ठेवावयाचा. मग सर्वांनीं गप्प बसून परातीभोवतीं कान द्यावयाचे. दुसरा, पट्टींतून दोन्ही टोप्या सोडवून दोघांनीं एकेक कानाशीं धरावयाची. आजीला नाटकाला किंवा गाण्याच्या बैठकीला जाण्याची मुभा कधींच मिळाली नव्हती. रात्रीं स्वयंपाकघर आंवरल्यावर आजोबा एक टोपी तिच्या हातीं देत आणि दुसरी आपण घेत. तिनें मला हें सांगितलें तेव्हां ती सत्तरीच्या पुढें होती, आणि सांगतांना तिनें नकळत आपला उजवा हात कानाशीं नेला होता. गाणें कोणाचें होतें हें तिला आठवत नव्हतें. टोपी गार लागे, हें आठवत होतें.

या हेडफोनची मूळची तार कुजली तेव्हां, १९६० नंतर केव्हां तरी, वडिलांनीं दुसरी बसविली. टोपी आट्यांची असल्यामुळें हातानें फिरविली कीं उघडते. आंत दोन स्क्रू आहेत. ते सैल करून जुनी तार काढावयाची आणि नवी अडकवावयाची. वडील शाळामास्तर होते, यंत्रज्ञ नव्हते. शाळकरी वयांत, १९८३ च्या सुट्टींत, मींही स्फटिकसंच जुळवून त्याच टोप्यांतून मुंबई केंद्र ऐकलें. म्हणजे एका घराण्याच्या तीन पिढ्यांनीं हें यंत्र उघडलें, पाहिलें आणि बंद केलें. त्याच्या दीर्घायुष्याचें पहिलें कारण मला येथें सांपडलें: तें न मोडणारें होतें असें नव्हे, तर मोडलेलें दुरुस्त करतां येईल असें होतें.

दुसरें कारण यंत्राच्या बाहेर आहे. १८७८ सालीं अमेरिकेंत न्यू हेवन येथें टेलिफोनची पहिली व्यापारी अदलाबदल-पेढी सुरू झाली. अशा पेढ्यांत गिऱ्हाइकांच्या तारा जोडण्यासाठीं जी पाव इंच जाडीची खुंटी व तिचें बीळ लवकरच रूढ झालें, तेंच पुढें वाद्यें, ध्वनिमुद्रणगृहें आणि हेडफोन यांनीं उचललें. ट्रान्झिस्टर रेडिओबरोबर तिची साडेतीन मिलिमीटरची धाकटी बहीण आली. या खुंटीवर कोणा एका कारखानदाराची मालकी राहिली नाहीं. कोणत्याही हेडफोनची खुंटी कोणत्याही यंत्राच्या बिळांत जावी हा जणू अलिखित करार झाला. तो करार पाळला गेला म्हणून रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर आले, ते जाऊन तबकड्यांचीं नवीं यंत्रें आलीं, आणि हेडफोन मात्र तेच राहिले. बर्लिनच्या ऑयगेन बायर यांच्या कारखान्याचा 'डीटी ४८' हा हेडफोन १९३७ सालीं निघाला आणि २०१२ पर्यंत बनत होता. मध्यें एक महायुद्ध होऊन गेलें, जर्मनीचे दोन तुकडे झाले आणि पुन्हां एक झाले. १९५८ सालीं अमेरिकेंत जॉन कॉस यानें दोन कानांना दोन निराळे ध्वनि देणारा हेडफोन घरगुती श्रोत्यांसाठीं आणिला. १९६८ मधील सेनहायझरच्या 'एचडी ४१४' या हेडफोनची तार, गादी, पट्टी असे भाग कोणालाही घरीं सोडवून बदलतां येत.

येथवर वाचून तारेची ही केवळ स्तुति चालली आहे असें कोणास वाटेल. म्हणून तारेचे दोषही मांडतों. १ जुलै १९७९ रोजीं जपानांत सोनी कंपनीचा वॉकमन विक्रीस आला आणि संगीत घराबाहेर पडून रस्त्यानें चालूं लागलें. मेजावर स्थिर बसणारी तार आतां खिशांत कोंबली जाऊं लागली, बसच्या दांडीला अडकूं लागली. तांब्याचा तंतु एकाच जागीं पुनःपुन्हां वांकविला कीं तो तेथें कडक होऊन तुटतो. खुंटीच्या गळ्यापाशीं व कानाच्या टोपीपाशीं, जेथें लवचीक तार ताठ भागाला मिळते, तेथेंच हा घाव बसतो. एक कान गेला आणि एक राहिला, हा अनुभव न आलेलें घर आज महाराष्ट्रांत सांपडणार नाहीं. पुण्याच्या तपकीर गल्लींत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर डाख देऊन खुंटी बदलून मिळे. पण पुढें पुढें इअरफोनच इतके स्वस्त झाले आणि त्यांच्या तारा इतक्या बारीक झाल्या कीं दुरुस्तीपेक्षां नवा घेणें सोयीचें ठरलें. डिंकानें चिकटविलेली, न उघडणारी टोपी तारवाल्या इअरफोनांनींच आधीं आणिली, हें विसरतां कामा नये. तार असली कीं वस्तु टिकाऊ, हा सिद्धान्त इतिहासाला मान्य होण्यासारखा नाहीं.

अशा वेळीं तारेचाच उच्छेद करणारी विद्या पुढें आली. स्वीडनच्या एरिक्सन कंपनींत १९९४ च्या सुमारास याप हार्टसन या डच अभियंत्यानें जवळच्या जवळ यंत्रांनीं एकमेकांशीं बोलण्याची रेडिओपद्धति रचावयास आरंभ केला. १९९८ सालीं एरिक्सन, नोकिया, इंटेल, आय.बी.एम. आणि तोशिबा या पांच कंपन्यांनीं मिळून तिचा प्रसार हातीं घेतला. तिला नांव मिळालें दहाव्या शतकांतील डेन्मार्कच्या हाराल्ड ब्लोटान राजाचें, म्हणजे 'निळ्या दाताच्या' राजाचें; त्यानें डॅनिश लोकांना एका छत्राखालीं आणिलें तसें हें यंत्रांना आणील, ही कल्पना. ही लहर ७९ वाटांवरून दर सेकंदाला १६०० वेळां उडी मारीत जाते, म्हणून गर्दींतही एका घरचा निरोप दुसऱ्याच्या कानांत शिरत नाहीं. मानवी बुद्धीचा हा विलास आहे, आणि त्याला कमी लेखण्याचें पाप मी करणार नाहीं.

पण ज्या क्षणीं तार गेली त्या क्षणीं कानांतल्या यंत्राला स्वतःचें अन्न स्वतः वागवावें लागलें. हें अन्न म्हणजे लिथियम-आयन बॅटरी. ती १९९१ सालीं सोनीनें बाजारांत आणिली, आणि तिचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. या बॅटरीला जन्मतःच मरण चिकटलेलें आहे. प्रत्येक भरणीबरोबर तिच्या ग्रॅफाइटच्या ध्रुवावर एक सूक्ष्म पुट चढत जातें आणि थोडें थोडें लिथियम त्यांत कायमचें अडकून पडतें. साधारणतः ३०० ते ५०० भरण्यांनंतर तिची धारणाशक्ति चारपंचमांशावर येते. कानांतील इअरबड पांचेक तास चालतो. रोज एक पुरी भरणी धरली तरी ५०० भरण्या साडेसोळा महिन्यांत संपतात. उलट कानावरून घालावयाचा मोठा बिनतारी हेडफोन एका भरणींत ३० तास चालला, तर तेवढ्याच ५०० भरण्यांत तो १५००० तास वाजेल. म्हणजे वस्तु जितकी लहान तितकें तिचें आयुष्य अल्प, हा येथें हिशेबाचाच भाग आहे. शिवाय अशा कित्येक मोठ्या हेडफोनांना तारेचें बीळही ठेविलेलें असतें. बॅटरी थकल्यावर ते तारेवर आपलें म्हातारपण काढूं शकतात.

७ सप्टेंबर २०१६ रोजीं ॲपल कंपनीनें आपल्या नव्या टेलिफोनांतून तें साडेतीन मिलिमीटरचें बीळच काढून टाकलें, आणि या कृतीला तिच्या अधिकाऱ्यानें व्यासपीठावरून 'धैर्य' असें नांव दिलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तिचे बिनतारी एअरपॉड विक्रीस आले. प्रत्येकाचें वजन सुमारें ४ ग्रॅम. यंत्रें सोडवून त्यांची दुरुस्तीयोग्यता ठरविणाऱ्या आयफिक्सिट या संस्थेनें त्यांना १० पैकीं शून्य गुण दिले, कारण डिंकाची बैठक फोडल्यावांचून, म्हणजे वस्तु नासविल्यावांचून, आंतली बॅटरी निघत नव्हती. इतर कंपन्यांनीं प्रथम थट्टा केली आणि मग अनुकरण केलें. जो करार शंभर वर्षांहून अधिक काळ पाळला गेला होता तो येथें मोडूं लागला.

माझी पांढरी डबी एका निराळ्याच कंपनीची आहे. पहिल्या वर्षीं ती पांच तास गाई, दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस तीन, मग डावा कान चाळीस मिनिटांत थकूं लागला आणि शेवटीं दोन्ही गेले. दुरुस्तीच्या दुकानांतील तरुणानें ती हातांत घेऊन उलटी-सुलटी केली आणि अत्यंत अदबीनें म्हणाला, "सर, ही उघडायला केलेलीच नाहीं." तो मुलगा कुशल होता, त्याच्या पाटीवर मोबाइलचे सूक्ष्म भाग पसरलेले होते. त्याच्या कौशल्याला येथें वावच ठेविलेला नव्हता. आजोबांच्या टोपीला दोन स्क्रू होते; या वस्तूला एकही नाहीं. मला नव्या इअरबडच्या खर्चापेक्षां त्याच्या त्या वाक्याचें दुःख अधिक झालें.

कारण ही केवळ माझ्या खणाची गोष्ट नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत जगांत ६ कोटि २० लक्ष टन विद्युत्-कचरा निघाला आणि त्यांतील २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनः उपयोगांत आल्याची नोंद आहे. या ढिगांत इअरबडांचें वजन नगण्य असेल. पण त्यांतील धातु नगण्य नाहींत. बहुतेक अशा बॅटऱ्यांना कोबाल्ट लागतो, आणि जगांतील निम्म्याहून बराच अधिक कोबाल्ट आफ्रिकेंतील कांगोच्या खाणींतून निघतो. तेथें हातानें खणणाऱ्यांत लहान मुलेंही आढळलीं आहेत. ज्या धातूसाठीं कोणाचें तरी बालपण खर्ची पडतें तो दोन वर्षांत कचऱ्यांत जावा, हा हिशेब कोणत्याही गृहिणीला पटणार नाहीं. तारवाल्या हेडफोनलाही तांबें लागतें, चुंबक लागतो, प्लॅस्टिक लागतें. तें निर्दोष नव्हे. परंतु तीच सामग्री दहापट वर्षें पुरली तर दोषही तितक्याच वर्षांवर वांटला जातो.

'इतक्या लहान वस्तूंत बॅटरी बदलण्याची सोय कशी व्हावी?' असा युक्तिवाद नेहमीं ऐकूं येतो. त्याचें उत्तर माझ्या आईच्या कानांत आहे. तिच्या श्रवणयंत्राला नखाएवढें झांकण आहे. तें उघडून ७.९ मिलिमीटर व्यासाचा सेल ती चष्म्यावांचून स्वतः बदलते. ते सेल एकदां वापरून टाकून द्यावयाचे असतात आणि आठवडाभरच पुरतात, हें खरें. पण लहान वस्तूला झांकण करतां येत नाहीं हें म्हणणें त्यामुळें खोटें ठरतें. डच कंपनी फेअरफोन हिनें २०२४ सालीं बॅटरी बदलतां येणारे बिनतारी इअरबड काढून तेंच सिद्ध केलें. गंमत अशी कीं, याच कंपनीनेंही २०२१ मध्यें आपल्या टेलिफोनांतून तारेचें बीळ काढून टाकलें होतें. शहाणपण आणि मोह एकाच घरांत नांदतात. युरोपीय संघानें २०२३ सालीं संमत केलेल्या बॅटरीविषयक कायद्यानें, वापरणाऱ्याला हातीं धरावयाच्या यंत्रांतील बॅटरी स्वतः काढतां व बदलतां आली पाहिजे असा नियम कांहीं अपवाद ठेवून केला, आणि त्यासाठीं १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख घातली. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनीं उत्पादकांवर पुनश्चक्रणाची जबाबदारी टाकली आहे. ती आवश्यकच होती. पण मेलेल्याच्या अंत्यविधीची व्यवस्था आणि जिवंताचें औषधपाणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

तेव्हां या शोधाअंतीं माझा निष्कर्ष तार विरुद्ध बिनतार असा राहिला नाहीं. बिनतारी यंत्रानें घरकाम करणारीचे हात मोकळे केले, पळणाऱ्याच्या गळ्यांतील फांस काढला. तें परत घ्या असें मी म्हणणार नाहीं. मी विचारतों तो प्रश्न वडिलांच्या स्क्रू-ड्रायव्हरचा आहे: ही वस्तु उघडते काय? तिचा जो भाग आधीं झिजणार हें ठाऊकच आहे, तो बदलतां येतो काय? आणि उद्यां दुसऱ्या कंपनीचें यंत्र घेतलें तर ती त्याच्याशीं बोलेल काय? दुकानांत एवढे तीन प्रश्न प्रत्येक घरानें विचारले, तर कारखानदारांना त्यांचीं उत्तरें द्यावीं लागतील. ज्यांना रोज तासन्‌तास ऐकावयाचें आहे त्यांनीं एक बरा, तार काढतां-घालतां येणारा हेडफोन घरांत ठेवावा, हा माझा संसारी सल्ला.

परवां महाविद्यालयाच्या आवारांत दोन विद्यार्थिनी एका बांकावर बसलेल्या दिसल्या. एकीच्या डाव्या कानांत एक पांढरा इअरबड होता, आणि त्याचा जोडीदार दुसरीच्या उजव्या कानांत. दोघी एकच गाणें ऐकत होत्या. मला चाळींतली ती गार टोपी आठवली, आणि नव्या यंत्रावरचा माझा बराचसा राग तेथेंच उतरला. वाईट एवढेंच वाटलें कीं, चाळीस वर्षांनीं या मुलींपैकीं कोणी आपल्या नातीला ही गोष्ट सांगूं लागेल, तेव्हां तिच्या हातांत द्यावयाला ती वस्तु उरलेली नसेल.

आजोबांचा हेडफोन मी आतां पुन्हां पेटींत ठेवणार आहें. त्याची तार एका ठिकाणीं उसवली आहे. रविवारीं ती बदलीन. मुलीला शेजारीं बसवून टोपी तिच्याकडूनच उघडवीन म्हणतों.